पडद्यापलीकडचे तिघे : प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या इतिहासग्रंथांत गंभीर नाटकांना, वृत्तनिवेदनाला आणि राजकीय वादसभांना मानाचे स्थान मिळाले, हे यथायोग्यच झाले. परंतु दुपारच्या वेळी घरकाम आटोपून क्षणभर टेकलेल्या गृहिणीसाठी आणि शाळा-कॉलेजांतून परतलेल्या मुलामुलींसाठी जे खेळ दाखवले जात, त्यांची वासलात इतिहासकारांनी बहुधा चार ओळींत लावून टाकली. अशा खेळांपैकी एकाची हकीकत पुढील प्रकरणांत सविस्तर यावयाची आहे. २० डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील एबीसी या वाहिनीच्या दिवसाच्या कार्यक्रमांत ‘द डेटिंग गेम’ नावाचा अर्ध्या तासाचा खेळ सुरू झाला. तो १९७३ च्या जुलैपर्यंत दिवसा चालला, १९६६ च्या ऑक्टोबरपासून १९७० च्या जानेवारीपर्यंत त्याची संध्याकाळची आवृत्तीही चालली, आणि नंतर निरनिराळ्या रूपांत तो १९९९ पर्यंत अधूनमधून परतत राहिला. त्याच्या समकालीन समीक्षकांनी त्याची संभावना उथळ करमणूक अशीच केली. ती सर्वस्वी अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. तथापि ज्या खेळाची मांडणी जगातील अनेक देशांनी उचलली आणि जो साठ वर्षांनंतरही नावे बदलून चालू आहे, त्याच्या मुळाशी काहीतरी टिकाऊ असले पाहिजे, आणि ते टिकाऊ तत्त्व त्याच्या मधल्या पडद्यात आहे, असे माझे मत आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडी तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. लॉस एंजेलिसमधील एका स्टुडिओच्या रंगमंचावर मधोमध एक उभी आडभिंत असे. तिच्यावर आणि पार्श्वभूमीवर त्या काळी लोकप्रिय असलेली मोठमोठी, भडक रंगांची फुले चितारलेली असत. भिंतीच्या एका बाजूस उंच तिपाईवजा आसनांवर तीन अविवाहित तरुण बसत आणि त्यांना नावाने न संबोधता बॅचलर नंबर वन, नंबर टू, नंबर थ्री असे क्रमांकाने संबोधले जाई. दुसऱ्या बाजूस एक तरुणी हातात प्रश्नांची टाचणे घेऊन बसे. प्रेक्षकांना चौघेही दिसत, तरुणीला मात्र फक्त आवाज ऐकू येत. जिम लँग हे सूत्रसंचालक काळ्या मेजवानीच्या पोशाखात मध्ये उभे राहून दोन्ही बाजूंची ओळख करून देत. हर्ब अल्पर्ट यांच्या टिहुआना ब्रास या वाद्यवृंदाच्या उडत्या सुरावटी वाजत. आणि मग प्रश्नोत्तरे सुरू होत. प्रश्न बहुधा कल्पनेला चाळवणारे असत: तुम्ही एखादा खाद्यपदार्थ असतात तर कोणता, मी रुसले तर माझी समजूत कशी घालाल, अशा जातीचे. घंटा झाली की तरुणीने एका क्रमांकाची निवड जाहीर करावयाची. त्यानंतरचा क्रम मोठा विचारपूर्वक ठरवलेला होता, कारण निवडलेला तरुण प्रथम पुढे येत नसे. ज्यांना तिने नाकारले ते दोघे आधी एकेक करून भिंतीला वळसा घालून तिच्यासमोर येत, त्यांचे नाव आणि व्यवसाय सांगितला जाई, हस्तांदोलन होई, आणि आपण काय गमावले हे तिच्या मुद्रेवर उमटत असतानाच प्रेक्षक हसत किंवा हळहळत. सर्वांत शेवटी निवडलेला तरुण येई. मग त्या दोघांना कुठे फिरायला पाठवायचे हे जाहीर होई, आणि जोडपे व सूत्रसंचालक मिळून कॅमेऱ्याच्या दिशेने हवेत चुंबन फेकत, की खेळ संपला. अर्ध्या तासात असे दोन डाव होत, आणि पुष्कळदा दुसऱ्या डावात प्रश्न विचारणारा तरुण असे व पडद्यापलीकडे तीन तरुणी.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये, अमेरिकन नभोवाणीवर ‘ब्लाइंड डेट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि त्याचे सूत्रसंचालन आर्लीन फ्रान्सिस या अभिनेत्रीकडे होते. रजेवर आलेले सैनिक भिंतीआडून, टेलिफोनच्या साह्याने, अपरिचित तरुणींशी बोलत आणि ज्याचे बोलणे तिला रुचे त्याला तिच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये एक संध्याकाळ घालवण्याची संधी मिळे. युद्धानंतर, १९४९ मध्ये, हाच कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला आणि १९५३ पर्यंत या ना त्या वाहिनीवर टिकून राहिला. नभोवाणीत श्रोत्यालाही कुणी दिसत नसते. सबब तेथे भिंत म्हणजे केवळ नियमाचे पालन होते. दूरचित्रवाणीवर आल्यावर मात्र त्या भिंतीला नाट्य प्राप्त झाले, कारण आता प्रेक्षकाला जे दिसत होते ते पात्राला दिसत नव्हते, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट रंगमंचावरच्या माणसाला ठाऊक नसणे यातून जी उत्कंठा निर्माण होते, ती संस्कृत नाटककारांपासून तमाशातल्या वगापर्यंत सर्वांनी वापरलेली आहे.

१९६५ मध्ये या कल्पनेला पुन्हा उभारी का आली, हे समजण्यासाठी त्याआधीच्या एका लांच्छनास्पद प्रकरणाकडे पाहावे लागते. एकोणिसशे पन्नाशीच्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीवर ज्ञानाच्या परीक्षेचे आणि मोठ्या रकमेच्या बक्षिसांचे खेळ विलक्षण लोकप्रिय होते. ‘ट्वेंटी-वन’ या अशाच खेळात कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी मोठी रक्कम जिंकली आणि ते राष्ट्राचे लाडके झाले; परंतु १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काँग्रेसच्या समितीपुढे कबूल करावे लागले की प्रश्नांची उत्तरे त्यांना आधीच पुरवली जात होती. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशी फसवणूक गुन्हा ठरली. या प्रकरणाने वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांचे धाबे असे दणाणले की ज्ञान आणि द्रव्य ही दोन्ही ज्यात नाहीत असे खेळ त्यांना निर्धोक वाटू लागले. ‘द डेटिंग गेम’मध्ये बरोबर उत्तर नावाची गोष्टच नव्हती, मग ते आधी पुरवण्याचा प्रश्न कुठून येणार? निवडीला निकष एकच, विचारणाऱ्याची आवड, आणि आवडीवर कोणत्याही समितीचा अंमल चालत नाही. त्या वेळी तिन्ही मोठ्या वाहिन्यांत एबीसी मागे पडलेली होती आणि दिवसाचे कार्यक्रम कमी खर्चात भरून काढणे तिला निकडीचे होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

ही गरज हेरणारा मनुष्य त्याच संस्थेत नोकरीला होता. फिलाडेल्फियात १९२९ मध्ये जन्मलेले चक बॅरिस यांनी दूरचित्रवाणीच्या व्यवसायात अगदी तळापासून प्रवेश केला. नभोवाणीवर विशिष्ट गाणी वाजवण्यासाठी लाच घेतली जाते, असा बोभाटा झाला तेव्हा, डिक क्लार्क यांच्या ‘अमेरिकन बँडस्टँड’ या संगीतकार्यक्रमावर नजर ठेवण्यासाठी एबीसीने बॅरिस यांना तैनात केले होते. पहारेकऱ्याच्या या नोकरीत असतानाच ते गीतरचनेकडे वळले, आणि त्यांचे ‘पॅलिसेड्स पार्क’ हे गीत १९६२ मध्ये फ्रेडी कॅनन यांच्या आवाजात देशभर गाजले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये दिवसाच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. रोज कुणी ना कुणी नव्या खेळाची कल्पना घेऊन त्यांच्या दालनात येई, आणि ती ऐकता ऐकता यापेक्षा बरे आपणच काही करू शकू अशी त्यांची खात्री पटली. १९६५ मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि ‘द डेटिंग गेम’ हे तिचे पहिले अपत्य ठरले. वर्ष उलटण्याच्या आतच, ११ जुलै १९६६ रोजी, नवविवाहित जोडप्यांचा ‘द न्यूलीवेड गेम’ हा दुसरा खेळ सुरू झाला. पहिल्या खेळात अपरिचितांची ओळख होई, तर दुसऱ्यात परिचितांचे परस्परांविषयीचे अज्ञान उघडे पडे.

खेळ कागदावर जितका निरुपद्रवी दिसत होता, तितका तो प्रत्यक्षात ठरला नाही. तरुण माणसांना प्रेक्षकांसमोर बसवून परस्परांना रिझवण्यास सांगितले, की बोलणे कोणत्या थराला जाईल याची अटकळ निर्मात्यांना नव्हती. बॅरिस यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी आहे की सुरुवातीच्या मुद्रणांत उत्तरे इतकी अश्लील येऊ लागली की ती प्रक्षेपित करणे अशक्य झाले, आणि पट्टीमागून पट्टी बाद करण्याची पाळी आली. तेव्हा त्यांनी एका ओळखीच्या नटाला गडद पोशाख चढवून सरकारी अधिकाऱ्याच्या आविर्भावात स्पर्धकांपुढे उभे केले. त्याने करड्या आवाजात बजावले की प्रक्षेपणात अचकट-विचकट बोलणे हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा असून त्याबद्दल कारावास आणि दंड होऊ शकतो. स्पर्धकांची बोबडी वळली, आणि त्या दिवसापासून उत्तरे ताळ्यावर आली.

या हकीकतीचे महत्त्व मला तिच्यातल्या गंमतीपेक्षा तिच्या परिणामात वाटते. उघड बोलण्यास मनाई झाली, तेव्हा बोलण्याला सूचकतेचा आश्रय घ्यावा लागला. शब्द साधा, अर्थ दुहेरी, आणि तो दुसरा अर्थ पकडण्याची जबाबदारी घरी बसलेल्या प्रेक्षकावर. आपल्याकडे लावणीने हे काम शतकानुशतके केले आहे, आणि जिथे समाजाचा धाक असतो तिथेच शृंगाराची भाषा चतुर होते, हे कोणाही मराठी रसिकाला पटवून द्यावे लागणार नाही. १९६० मध्ये संततिप्रतिबंधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळालेली होती, तरुण पिढीचे आचार झपाट्याने बदलत होते, आणि तरीही दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीपुढे आई, मुलगी आणि आजी एकत्र बसत होत्या. हा खेळ नेमका त्या संधिकालावर उभा होता. पुढे १९९० च्या दशकात जेव्हा हा धाक जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा त्याच्या नव्या आवृत्त्यांतली उत्तरे अधिक धीट झाली, पण अधिक रसाळ झाली असे त्या पाहताना मला वाटले नाही.

आता मी त्या नियमाकडे येतो, ज्याच्यामुळे हा विषय माझ्या मनात घर करून राहिला. तरुणीला वाटेल तो प्रश्न विचारण्याची मुभा होती; मनाई होती ती फक्त चार गोष्टींना: नाव, वय, व्यवसाय आणि उत्पन्न. ज्या समाजात आपण वाढलो त्याच्या डोळ्यांनी ही यादी पाहावी. आपल्याकडे स्थळ पाहायला निघताना ज्या चौकशा प्रथम केल्या जातात त्या नेमक्या याच. त्यांत जात, गोत्र, पत्रिका आणि देण्याघेण्याची बोलणी यांची भर पडते इतकेच. मुलगी दाखवण्याचा जो कार्यक्रम आपल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या होत आला, त्यात पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीने मान खाली घालून नाव सांगावे, शिक्षण सांगावे, शिवण-टिपण येते का याचे उत्तर द्यावे, क्वचित चार पावले चालूनही दाखवावे, आणि प्रश्न विचारण्याचा सर्व अधिकार समोरच्या मंडळींकडे असावा, असा दस्तूर होता. ज्यांनी तो प्रसंग सोसला त्या आपल्या आया-मावश्यांना त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. या पार्श्वभूमीवर, ज्या रंगमंचावर एक तरुणी पायावर पाय टाकून बसली आहे, प्रश्नांची टाचणे तिच्या हातात आहेत, तीन पुरुष तिच्या पसंतीसाठी आपली बुद्धी पणाला लावत आहेत आणि त्यांच्यापैकी कुणालाही आपली नोकरी, पगार किंवा चेहरा पुढे करता येत नाही, ते दृश्य क्षुल्लक आहे असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. करमणुकीसाठीच का होईना, विचारणाऱ्याची जागा स्त्रीला मिळाली, आणि ती रोज दुपारी लक्षावधी घरांत दिसली.

श्रवणावरून निवड करण्याची कल्पना भारतीय मनाला परकी नाही. महाभारताच्या वनपर्वातील दमयंती, जिला मराठी वाचक रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून अधिक जवळून ओळखतो, नलावर अनुरक्त होते ती त्याला पाहून नव्हे, तर त्याच्या गुणांचे वर्णन ऐकून. आणि स्वयंवरमंडपात चार देव नलाचेच रूप धारण करून त्याच्या शेजारी बसतात, तेव्हा डोळ्यांना दिसणारे रूप तिच्या काडीमात्र उपयोगी पडत नाही. ज्यांच्या अंगावर घाम नाही, ज्यांची पापणी लवत नाही, ज्यांच्या माळा कोमेजत नाहीत ते देव, आणि ज्याची सावली पडते तो मनुष्य, अशा खुणांवरून ती आपला पुरुष ओळखते. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओतील तरुणीला खुणा तेवढ्याही नव्हत्या. आवाजातील कंप, उत्तरापूर्वीची चाचपडण, हसण्याची धाटणी, एवढ्यावरच तिला निर्णय करावयाचा होता. तिचा निर्णय पुष्कळदा चुके. पण चुकण्याचा अधिकार तिचा होता.

याच १९६५ सालात हार्वर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ नावाचा उपक्रम काढला, हा योगायोग मोठा बोलका आहे. तीन डॉलर भरून तरुण-तरुणींनी एक लांबलचक प्रश्नावली पाठवावी, ती संगणकात घालावी, आणि यंत्राने जुळणारी नावे काढून द्यावीत, अशी ती योजना होती. एका बाजूला सर्व माहिती आधी गोळा करणारे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला माहितीला मज्जाव करणारा पडदा, अशा दोन वाटा एकाच वर्षी फुटल्या. आज आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर जी विवाहमंडळे आणि स्नेहमंडळे चालतात, ती पहिल्या वाटेने आलेली आहेत, आणि त्यांत पहिल्याच पानावर छायाचित्र, वय, व्यवसाय आणि पुष्कळदा उत्पन्नही लिहिलेले असते.

खेळाचा शेवट विवाहात व्हावा, अशी या कार्यक्रमाची अपेक्षा कधीच नव्हती. बक्षीस म्हणजे दोघांनी मिळून एक सहल करावी, एवढेच. संध्याकाळच्या आवृत्तीत ही सहल परदेशीही असे. तिच्यावर आणखी एक बंधन होते, जे आज वाचताना कौतुकास्पद वाटते: जोडप्याबरोबर निर्मितिसंस्थेची एक जबाबदार व्यक्ती सोबतीला जाई. नव्या नवरीबरोबर पाठराखीण पाठवण्याची रीत असलेल्या समाजाला या तजविजीचे मर्म समजावून सांगायला नको. वाहिनीला आपल्या नावाची काळजी होती हे खरे. पण त्या व्यवस्थेमुळे अपरिचित पुरुषाबरोबर परमुलखात जाणाऱ्या मुलीला एक संरक्षणही मिळत होते, आणि ते या इतिहासात मी मुद्दाम अधोरेखित केले आहे.

पुढे नामांकित झालेली अनेक माणसे उमेदवारीच्या काळात त्या आसनांवर बसून गेली. सॅली फील्ड प्रश्न विचारायला आल्या. टॉम सेलेक दोनदा पडद्यामागे बसले आणि दोन्ही वेळा नाकारले गेले. किशोरवयीन मायकल जॅक्सन १९७२ मध्ये येऊन गेला. अशा नावांची जंत्री या विषयावरील लेखनात फार आढळते आणि ती मनोरंजक असली तरी तिच्यातून खेळाविषयी फारसे काही कळत नाही, म्हणून मी ती येथेच सोडतो.

सोडता येणार नाही असे एक नाव मात्र आहे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये प्रक्षेपित झालेल्या एका भागात बॅचलर नंबर वन म्हणून रॉडनी अल्काला नावाचा इसम बसला होता. त्याची ओळख छायाचित्रकार अशी करून देण्यात आली. त्यापूर्वीच एका लहान मुलीवरील अत्याचाराबद्दल त्याला शिक्षा झालेली होती, आणि पुढे उघडकीस आले त्याप्रमाणे तो अनेक स्त्रियांचा खुनी होता. पूर्वचरित्राची खातरजमा करण्याची पद्धत त्या काळी नव्हती, तेव्हा दप्तरात असलेली नोंद स्टुडिओच्या दारापर्यंत पोहोचली नाही. त्याची उत्तरे हजरजबाबी होती, प्रेक्षक हसले, आणि तरुणीने त्याचीच निवड केली. पडद्याच्या ज्या गुणाचे मी आतापर्यंत समर्थन केले, त्याचा दोष याहून भयंकर रीतीने सिद्ध होणे शक्य नाही: वाणी हे चारित्र्याचे प्रमाण नव्हे, आणि चतुर भाषणाला भुलणे हे रूपाला भुलण्याहून श्रेष्ठ नव्हे. परंतु हकीकत येथे संपत नाही. कार्यक्रमानंतर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलताना त्या तरुणीला तो मनुष्य विचित्र आणि भीतिदायक वाटला. तिने कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांना कळवले की आपण त्याच्याबरोबर जाणार नाही, आणि तिचा नकार कोणतेही आढेवेढे न घेता स्वीकारला गेला. पुढच्या वर्षी त्याला अटक झाली. फाशीची शिक्षा, ती रद्द होणे, पुन्हा खटला, असा दीर्घ न्यायालयीन प्रवास होऊन २०२१ मध्ये तो कैदेत असतानाच मरण पावला. या प्रकरणावर अलीकडे चित्रपटही निघाला आहे, आणि ‘द डेटिंग गेम’ची आठवण आजच्या पिढीला मुख्यतः या एका भागावरून आहे. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते त्या तरुणीचे दुसरे उत्तर, जे कॅमेरा बंद झाल्यावर, टाळ्यांची साथ नसताना, तिने दिले. लोकांसमोर दिलेला होकार आपल्याला बांधून ठेवतो ही समजूत तिने मानली नाही.

अमेरिकेबाहेरच्या प्रवासात या खेळाने जी रूपे घेतली, त्यांत ऑस्ट्रेलियाचे ‘परफेक्ट मॅच’ आणि ब्रिटनचे ‘ब्लाइंड डेट’ ही प्रमुख. ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये ग्रेग इव्हान्स यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झालेल्या खेळात डेक्स्टर नावाचा एक यंत्रमानव होता आणि जोडी कितपत अनुरूप आहे याचा अंक तो सांगे. पडदा आणि संगणक या दोन वाटा येथे एकत्र आल्या, मात्र यंत्राच्या कौलाला कुणी गांभीर्याने घेत नसे. ब्रिटनमध्ये लंडन वीकएंड टेलिव्हिजनने ३० नोव्हेंबर १९८५ पासून हा खेळ शनिवारी संध्याकाळी दाखवला आणि तो २००३ पर्यंत चालला. त्याचे यश बहुतांशी सिला ब्लॅक या एका बाईचे होते. लिव्हरपूलच्या कामगारवस्तीत वाढलेल्या, बीटल्सच्या गोतावळ्यातून गायिका म्हणून पुढे आलेल्या सिलाबाईंनी आपली लिव्हरपुली बोली कधी लपवली नाही. स्पर्धकाला ‘चक’ अशा घरगुती लडिवाळ शब्दाने हाक मारत, त्याच्या आईची विचारपूस करत, आणि कुणी आगाऊपणा केला तर भुवई उंचावून त्याला जागच्या जागी गप्प करत. लँग यांच्या औपचारिक पोशाखाच्या जागी येथे चाळीतल्या वडीलधाऱ्या मावशीचा अधिकार आला.

ब्रिटिशांनी केलेली एक सुधारणा मला मूळ खेळाहूनही सरस वाटते. जोडपे सहलीला जाऊन आले की पुढच्या आठवड्यात ते परत कार्यक्रमात येई. दोघांनी एकमेकांविषयी स्वतंत्रपणे सांगितलेले मत आधी मुद्रित केलेले असे, आणि ते दोघांना शेजारी शेजारी बसवून दाखवले जाई. शनिवारी ज्या तरुणाच्या हजरजबाबीपणावर सगळे सभागृह लुब्ध झाले, तो जेवणाच्या टेबलावर केवळ स्वतःविषयीच बोलत राहिला, असे त्या मुलीच्या तोंडून ऐकताना त्याचा चेहरा कॅमेरा टिपत असे. अमेरिकन खेळाने निवडीचा क्षण दाखवला आणि परिणाम अंधारात ठेवला; ब्रिटिश खेळाने परिणामाचा हिशेब मागितला. अठरा वर्षांत लग्ने झाली ती बोटावर मोजण्याइतकी, पण झाली तेव्हा सिला ब्लॅक मोठी टोपी घालून त्यांना हजर राहिल्या.

यानंतर पडदाच काढून टाकण्याची लाट आली. चीनमध्ये जिआंग्सू प्रांताच्या उपग्रह वाहिनीने २०१० च्या जानेवारीत सुरू केलेल्या खेळात चोवीस तरुणी ओळीने दिव्यांमागे उभ्या राहत, समोर एकटा तरुण येई, आणि नापसंती दर्शवण्यासाठी तरुणी आपापला दिवा बंद करीत. सूत्रसंचालक मंग फेई यांच्या शांत, तिरकस शैलीमुळे तो अफाट लोकप्रिय झाला. ज्या जातीच्या प्रश्नांना बॅरिस यांनी मनाई केली होती, तसलेच येथे केंद्रस्थानी आले: घर आहे का, गाडी आहे का, पगार किती. सायकलवर हसत बसण्यापेक्षा बीएमडब्ल्यूत रडणे बरे, अशा आशयाचे एका तरुणीचे वाक्य देशभर वादाचा विषय झाले, आणि त्याच वर्षी सरकारी नियामकांनी अशा कार्यक्रमांवर निर्बंध घातले. बॅरिस यांचा अधिकारी तोतया होता. येथे खरा आला. या खेळाची सामाजिक योग्यता मी कमी लेखत नाही. शहरात घर घेणे ज्या तरुणांना दुष्प्राप्य झाले आहे त्यांचा कोंडमारा त्यातून प्रकट झाला. तथापि त्यात एकमेकांचे ऐकण्याला जी जागा उरली ती फार थोडी होती.

आपल्या इकडची हकीकत लहान आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, म्हणजे मूळ खेळाची दिवसाची आवृत्ती बंद पडली तेव्हा आपल्या केंद्राला वर्षही पुरे झाले नव्हते. आणि त्या काळी असा कार्यक्रम येथे कल्पनेतही शक्य नव्हता. उपग्रह वाहिन्यांच्या काळात, २००९ मध्ये, ‘राखी का स्वयंवर’ हा हिंदी कार्यक्रम आला, त्यात राखी सावंत यांनी वराची निवड केली, साखरपुडा झाला आणि विवाह झाला नाही. मराठीत मात्र याच कुळीचा जो खेळ खऱ्या अर्थाने रुजला, तो बॅरिस यांच्या दुसऱ्या अपत्याच्या जवळचा आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर घरोघर जात, वहिनींना खेळ खेळायला लावत, पैठणी देत, आणि मध्येच नवराबायकोला विचारत की लग्न जमले कसे. ज्या बाईला पाहण्याच्या कार्यक्रमात एकही प्रश्न विचारता आला नव्हता, ती वीस वर्षांनंतर भर सोसायटीत, सासूच्या देखत, नवऱ्याने त्या दिवशी कोणता शर्ट घातला होता आणि तो कसा घाबरला होता, हे खुलून सांगे. त्या कार्यक्रमावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा इतके त्याचे महत्त्व आहे.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. एकोणिसशे साठीच्या दशकात दिवसाच्या कार्यक्रमांच्या चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरण्याचा शिरस्ता होता, कारण फीत महाग आणि कार्यक्रम स्वस्त अशी समजूत होती; म्हणून या काळातील खेळांचा अभ्यास करताना उरलेल्या भागांवर आणि सहभागी माणसांच्या कथनांवर भिस्त ठेवावी लागते. त्यांत सर्वांत विपुल कथन खुद्द बॅरिस यांचे आहे, आणि सर्वांत सावधपणे वापरण्याजोगेही तेच. १९८४ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, ज्यात असा दावा आहे की विजेत्या जोडप्यांची सोबत करण्याच्या निमित्ताने ते परदेशी जात आणि तेथे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यासाठी माणसे मारत. त्या खात्याने याचा साफ इन्कार केला. जॉर्ज क्लूनी यांनी २००२ मध्ये त्यावर चित्रपट काढला. आणि २०१७ मध्ये बॅरिस मरण पावले. अशा साक्षीदाराची प्रत्येक गोष्ट ताडून घेणे भाग आहे. म्हणून तोतया अधिकाऱ्याची हकीकत मी वर त्यांच्याच हवाल्याने दिली, आणि पुढील प्रकरणांतही जिथे दुसऱ्या कुणाचा दाखला नाही तिथे ‘बॅरिस सांगतात’ एवढेच लिहिले आहे. वाचकांनी ती विधाने त्याच बेताने घ्यावीत.